आधी खुर्चीवरून उठा: ६३ वर्षांच्या एका काकूंचं वजन, गुडघे आणि नऊ महिने

वय ६३, राहणार डोंबिवली, तिसरा मजला, इमारतीला लिफ्ट नाही. उंची १५२ सेंटिमीटर, वजन ७४.२ किलो, कंबर ९८ सेंटिमीटर, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३२. टाइप २ मधुमेह नऊ वर्षांपासून, शिवाय रक्तदाब आणि थायरॉइडची गोळी. दोन्ही गुडघ्यांची झीज, उजवा जास्त. पाळी थांबून पंधरा वर्षं झालेली. आहार शाकाहारी, घरात बाकीच्यांना अंडी चालतात, यांना चालत नाहीत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि अशाच आणखी दोघींच्या नोंदींतला थोडा भाग यात मिसळला आहे.

अस्थिरोगतज्ज्ञांनी त्यांना सांगितलं होतं, आधी वजन कमी करा, मग गुडघ्याच्या ऑपरेशनचं बघू. सुनेने जाडजूड फाइल आणली होती. काकूंनी मात्र फाइलला हात न लावता सांगितलं, "मला बारीक नाही व्हायचं हो मॅडम. जिना चढताना कठडा धरून स्वतःला ओढावं लागतं, तेवढं थांबवा. आणि जमलं तर पूजेला खाली बसता आलं पाहिजे."

माझ्यासारख्या आहारतज्ज्ञाकडे येणारी बहुतेक माणसं किलोंमध्ये बोलतात. या काकू जिन्याबद्दल बोलत होत्या, म्हणून पुढचं सगळं ठरवताना सोपं गेलं.

आधीचे दोन प्रयत्न

काकूंनी वजन उतरवायचा खटाटोप याआधी दोनदा केला होता. चार वर्षांपूर्वी रात्रीचं जेवण बंद केलं आणि दुपारचा भात सोडला. संध्याकाळी सातला कपभर दूध, कधी पपई. पाच महिन्यांत सहा किलो उतरले. बिल्डिंगमध्ये कौतुक झालं, ब्लाउज आत घ्यावे लागले. मग दिवाळीला लेक माहेरी आली, रात्रीची ताटं पुन्हा वाढली जाऊ लागली आणि वर्षभरात सहाचे सात किलो होऊन परतले. "वजन आलं ते आलं, पण तेव्हापासून पायात जीवच राहिला नाही," हे त्यांचं वाक्य मी कागदावर जसंच्या तसं उतरवून घेतलं. पुढच्या सगळ्या आखणीचा आधार तेच वाक्य होतं.

दुसरा प्रयत्न दोन वर्षांपूर्वीचा. आहार होता तसाच, फक्त चालणं. मैदानावर मैत्रिणींबरोबर रोज पाऊण तास, पायात साध्या चपला, आणि चालून झालं की कोपऱ्यावर चहा आणि क्रीमरोल. वजन किलोभर हललं आणि परत जागेवर आलं. तिसऱ्या महिन्यात उजवा गुडघा सुजला, चालणं सुटलं.

अमेरिकेत सिएटलच्या फ्रेड हचिन्सन कर्करोग संशोधन केंद्रात अ‍ॅन मॅकटिअर्नन यांच्या नेतृत्वाखाली, वजन उतरवायला आहार, व्यायाम की दोन्ही, नेमका याच प्रश्नावर अभ्यास झाला. ५० ते ७५ वयाच्या, पाळी थांबलेल्या, वजन जास्त असलेल्या आणि बैठ्या सवयीच्या ४३९ स्त्रिया. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार गट केले: एकाला फक्त आहार, दुसऱ्याला फक्त व्यायाम, तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला काहीच नाही. व्यायाम म्हणजे आठवड्यातून पाच दिवस ४५ मिनिटं, दम लागेल असा. वर्षअखेरीस वजनातली सरासरी घट अशी होती: फक्त आहार ८.५ टक्के, फक्त व्यायाम २.४ टक्के, दोन्ही मिळून १०.८ टक्के, आणि काहीच न केलेल्या गटात ०.८ टक्के. हे निष्कर्ष २०१२ मध्ये छापून आले. काकूंनी त्यातले तीन गट एकटीनेच करून पाहिले होते. राहिला होता तो दोन्ही एकत्रचा.

फक्त चालून वजन का उतरत नाही, याचा हिशेब घरच्या घरी मांडता येतो. सपाट रस्त्यावर पाऊण तास बेताने चाललं तर तीन किलोमीटर होतात. ७४ किलोच्या शरीराला त्यासाठी, नुसतं बसून राहण्यापेक्षा जास्तीच्या, शंभर-सव्वाशे कॅलरी लागतात. एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी. फोडणीत हात जरा सैल पडला की सकाळचं मैदान पुसलं गेलं, क्रीमरोल तर वेगळाच. काकूंना हा हिशेब सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग चालायचं तरी कशाला?" प्रश्न रास्त होता. उत्तर वजनकाट्यावर मिळत नाही, म्हणून त्यांना फिजिओथेरपिस्टच्या खोलीत नेलं.

खुर्ची

हात नसलेली, १७ इंच उंचीची साधी खुर्ची, भिंतीला टेकवलेली. हातांची छातीवर घडी. तीस सेकंदांत पूर्ण उभं राहून किती वेळा बसता येतं ते मोजायचं. ६० ते ६४ वयाच्या बाईला १२ पेक्षा कमी वेळा जमलं तर पायांची ताकद वयाच्या मानाने कमी आहे आणि पडण्याचा धोका जास्त, असं धरतात. काकूंचे आठ झाले. नवव्याला हात आपसूक मांडीवर गेला. हाताचा रेटा घेऊन उठलेलं मोजत नाहीत. फिजिओ तरुण मुलगा, तो उत्साहाने म्हणाला, "आजी, छान!" काकूंनी त्याच्याकडे असं काही बघितलं की पुढच्या भेटीपासून तो "काकू" म्हणू लागला.

मुठीची पकड १५ किलो भरली. आशियाई स्त्रियांसाठी १८ च्या खाली गेली तर स्नायू अशक्त मानतात. म्हणजे ७४ किलोच्या देहात स्नायूंची चणचण होती. अंगाने भरलेल्या बाईला कोणी अशक्त म्हणत नाही, त्यामुळे हे वर्षानुवर्षं नजरेतून सुटतं. चाळिशीनंतर स्नायू दरवर्षी थोडे थोडे कमी होतातच. पाळी थांबली की इस्ट्रोजेनचा आधार जातो, हाडं विरळ होऊ लागतात आणि चरबीचा मुक्काम मांड्यांवरून पोटाकडे सरकतो. त्यात उपाशी राहून सहा किलो उतरवले की त्यातला बराच भाग स्नायूंचा असतो. नंतर सात किलो परत येतात, तेव्हा चरबी आनंदाने परतते. स्नायू मात्र कामाला लावल्याशिवाय येत नाहीत. पायात जीव राहिला नाही तो असा.

सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात डेनिस व्हिलारियल यांनी ६५ च्या पुढच्या १०७ लठ्ठ स्त्री-पुरुषांवर वर्षभर केलेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. मला तो सिएटलच्या अभ्यासाहूनही जास्त उपयोगी वाटतो. तिथे फक्त आहार घेतलेल्यांचं वजन १० टक्के उतरलं आणि आहार-व्यायाम दोन्ही केलेल्यांचं ९ टक्के. काट्यावर पाहिलं तर व्यायाम फुकट गेला. पण चरबी सोडून उरणारं वजन आहाराच्या गटात ५ टक्के घटलं, दोन्हींच्या गटात ३ टक्के. खुब्याच्या हाडाची घनता एकीकडे ३ टक्क्यांनी कमी झाली, दुसरीकडे १ टक्क्याने. आणि उठणं, चालणं, जिना चढणं अशा रोजच्या कामांच्या चाचणीत आहाराच्या गटाची सुधारणा १२ टक्के होती, दोन्हींच्या गटाची २१. वजन आहाराने उतरतं. त्यात काय उतरेल आणि काय शिल्लक राहील, ते व्यायाम ठरवतो. काकूंना हे सांगताना टक्केवारी काही सांगितली नाही. एवढंच म्हटलं की मागच्या वेळी सामानाबरोबर भिंतीही पाडल्या गेल्या, या वेळी सामान काढायचं, भिंती ठेवायच्या.

फाइलमधलं

एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ७.८. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम. बी१२ कमी, ड जीवनसत्त्व कमी. शाकाहार आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन असेल तर बी१२ ची अशी स्थिती वरचेवर दिसते. टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या तपासणीतला आकडा, जरा वर होता. खोदून विचारल्यावर कळलं की थायरॉइडची गोळी सकाळी चहाच्या घोटाबरोबर घेतली जायची. ती नुसत्या पाण्याबरोबर आणि चहाच्या निदान अर्धा तास आधी घ्यायला सांगितली. दोन महिन्यांनी टीएसएच पूर्ववत झाला. थायरॉइडमुळेच वजन वाढतं, ही समजूत घरात पक्की होती. गोळी नीट सुरू झाल्यावरही काट्यात विशेष फरक पडला नाही, तेव्हा ती समजूत सुटली.

क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाचा आकडा, ठीक होतं. हे पाहिल्याशिवाय मधुमेही माणसाची प्रथिनं मी वाढवत नाही.

ग्लिमेपिराइडबद्दल त्यांच्या डॉक्टरांना आधीच चिठ्ठी लिहिली. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. आहार कमी आणि चालणं जास्त झालं की साखर खाली जाण्याची भीती असते. डॉक्टरांनी सुरुवातीलाच गोळी निम्मी केली. इंटरनेटवरून तक्ता उतरवून घेणाऱ्यांकडून हा टप्पा हमखास राहून जातो.

डायरी, तेलाचा डबा आणि नातीचं ताट

एक आठवडा जे तोंडात जाईल ते लिहायचं, असं ठरलं. काकूंनी नातीच्या जुन्या वहीची कोरी पानं वापरली. एका मंगळवारची नोंद अशी होती: सकाळी सहाला चहा आणि दोन बिस्किटं. नऊला कांदेपोहे, वर शेव. अकराला चहा. दीडला तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, वरण-भात, लोणचं. साडेचारला चहा आणि खारी. साडेआठला दीड भाकरी, पिठलं, थोडा भात.

बेरीज केली तर एकूण कॅलरी फार नव्हत्या आणि प्रथिनं चाळीस ग्रॅमच्या आत होती. या खाण्यावर ७४ किलो वजन टिकणं अवघड, म्हणजे वहीत न उतरलेलं काहीतरी होतं. सुनेने हसू दाबत सांगितलं, "आई, चिऊच्या ताटातलं लिहिलं नाहीत तुम्ही." नात साडेपाच वर्षांची. तिच्या ताटात रोज पोळीचा तुकडा, तूप-भाताचे दोन घास, कधी अर्धा पराठा उरायचा आणि तो काकूंच्या पोटात जायचा. शिवाय भाजी चाखणं, दाण्याचा कूट करताना मूठभर दाणे, डबा भरताना उरलेली अर्धी पोळी. "ते काय खाणं म्हणायचं का? टाकवत नाही म्हणून," काकू म्हणाल्या. अन्न टाकून द्या असं या पिढीच्या बाईला सांगण्यात अर्थ नसतो, आणि सांगूही नये. नातीला आधी निम्मं वाढायचं, हवं तर पुन्हा, एवढं सुनेने अंगावर घेतलं.

दुसरी गोष्ट तेल. काकू "मोजकंच घालते" म्हणत होत्या, म्हणून महिन्याचा किराणा विचारला. पाच माणसांना, त्यातलं एक बालवाडीतलं, पाच लिटरचा डबा महिना पुरत नव्हता. म्हणजे माणशी रोज तीस ग्रॅमच्या वर, पावणेतीनशे कॅलरी नुसत्या तेलाच्या. माणशी महिना अर्धा लिटर हे माप मी सगळ्यांनाच सांगते. एकट्या काकूंसाठी वेगळी भाजी करायची सूचना यजमानांनी केली होती, ती तिथल्या तिथे बाजूला ठेवली. स्वयंपाक करणाऱ्या बाईने स्वतःसाठी वेगळं शिजवायचं, हे फार तर पंधरा दिवस चालतं. डबा आला की अडीच लिटर वेगळ्या बरणीत काढून ठेवायचे आणि महिना तेवढ्यावर भागवायचा, असं ठरलं. पहिल्या महिन्यात बरणी बाविसाव्या दिवशी रिकामी झाली. मुलाने भाजी कोरडी लागते म्हणून कुरकुर केली, मग तीही थांबली.

आहाराचा आकडा दिवसाला १२५० कॅलरी आणि साठ ग्रॅम प्रथिनं असा धरला. काकूंना आकडा सांगितला नाही, ताट सांगितलं. सकाळी पोह्यांची बशी निम्मी आणि तिच्याबरोबर वाटीभर मटकीची उसळ, नाहीतर मुगाची दोन धिरडी. दुपारी दोन फुलके किंवा एक भाकरी, वाटीभर घट्ट वरण, पालेभाजी, दह्यातली कोशिंबीर. वरण म्हणजे पळीवाढं पाणी नव्हे, चमचा उभा राहील असं. वाटीभर पातळ वरणात डाळ वीस ग्रॅम जेमतेम असते. संध्याकाळी खारीऐवजी मूठभर फुटाणे आणि ताक. रात्री भाकरी, भाजी, पनीर किंवा पिठलं, आणि अर्धी वाटी भात.

भात ठेवला, त्याचं काकूंनाच आश्चर्य वाटलं. भात सोडला की वजन उतरतं हा समज इतका मुरलेला आहे की भात ठेवणारी आहारतज्ज्ञ त्यांना जरा कच्ची वाटली असावी. पण तांदूळ आणि कणीक, दोन्हींत शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपासच कॅलरी असतात. मधुमेह आहे म्हणून माप महत्त्वाचं, आणि भाताआधी उसळ-भाजी पोटात जाणं महत्त्वाचं. कोकणातून आलेल्या घरात रात्रीचा भात पूर्ण काढला तर महिन्याभरात तो दुप्पट होऊन परततो. सिएटलच्या त्याच अभ्यासातल्या स्त्रियांच्या सवयी नंतर तपासल्या गेल्या. वहीत नियमित नोंद ठेवणाऱ्यांचं वजन न ठेवणाऱ्यांपेक्षा पावणेतीन किलोंनी जास्त उतरलं होतं, आणि जेवणं चुकवणाऱ्यांचं जवळपास साडेतीन किलोंनी कमी. रात्रीचं जेवण पुन्हा सोडू देण्याचा प्रश्नच नव्हता.

ओट्यापाशी व्यायाम

जिममध्ये त्या जाणार नव्हत्या. फिजिओने सगळं घरात बसवलं. ओटा धरून टाचा उचलणं, चहा उकळेपर्यंत. भिंतीला दोन्ही हातांनी रेटा देऊन मागे-पुढे होणं. पलंगावर पडून पाय सरळ ठेवून उचलणं, नंतर घोट्याला अर्ध्या किलोची वाळूची पिशवी बांधून. लवचीक पट्टा खिडकीच्या गजाला अडकवून ओढणं. आणि खुर्ची: सुरुवातीला खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवली, म्हणजे गुडघा कमी वाकतो. महिन्याने उशी काढली. आठवड्यातून तीन दिवस हे सगळं, मध्ये एक दिवस विश्रांती. व्यायाम करताना गुडघा थोडा दुखला तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दुखणं पूर्वीइतकंच झालं पाहिजे. न झालं तर आवर्तनं कमी करायची. या एका नियमामुळे काकूंची भीती गेली. त्यांच्या मते दुखणं म्हणजे झीज वाढणं होतं.

चालणं एका दमात पाऊण तास न ठेवता प्रत्येक जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं ठेवलं. जेवणानंतर चालणारे पाय रक्तातली साखर ओढून घेतात, त्याचा मधुमेहाला जास्त फायदा होतो. चपला जाऊन बूट आले. जूनमध्ये पाऊस लागला तसं चालणं मजल्यावरच्या पॅसेजमध्ये आलं. शेजारणींनी दारं उघडी ठेवून गप्पांची सोय केली.

गुडघा दुखतो म्हणून व्यायाम नको, आधी वजन उतरू दे, असं घरोघरी ऐकू येतं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामध्ये स्टीफन मेसियर यांनी गुडघ्याची झीज असलेल्या, ५५ च्या पुढच्या ४५४ जणांना दीड वर्ष पाहिलं. २०१३ मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांत दोन्ही केलेल्यांचं वजन १०.६ किलो उतरलं, फक्त आहार घेतलेल्यांचं ८.९ आणि फक्त व्यायाम केलेल्यांचं १.८. दुखणं आणि हालचाल, दोन्हींत सर्वांत बरी स्थिती पहिल्या गटाची होती. मेसियर यांनीच आधी दाखवून दिलं होतं की शरीरावरचं एक किलो कमी झालं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो. काकूंच्या बाबतीत दुखणं कमी झाल्याची पहिली नोंद आहे सहाव्या आठवड्यातली. वजन तेव्हा जेमतेम दीड किलो उतरलं होतं. माझ्या मते ते श्रेय मांडीच्या स्नायूंचं.

श्रावणातला सोमवार

श्रावणी सोमवार, संकष्टी, दोन्ही एकादश्या. उपास सोडायला सांगणं माझ्या डोक्यात नव्हतं, पण साबुदाण्याची खिचडी हा प्रश्न होता. एका मोठ्या बशीत शंभर ग्रॅम साबुदाणा, मूठभर दाण्याचा कूट, वर तूप, म्हणजे साडेसहाशेच्या पुढे कॅलरी आणि साबुदाण्यातली प्रथिनं ग्रॅमभरही नाहीत. त्याऐवजी वरीचे तांदूळ आणि दही, राजगिऱ्याची भाकरी, भोपळ्याची भाजी, असं लिहून दिलं होतं.

दुसऱ्या सोमवारी काकूंनी सोमवार कडक करायचा ठरवला. दिवसभर फक्त चहा आणि एक केळं, आणि सकाळची ग्लिमेपिराइडची गोळी नेहमीप्रमाणे. संध्याकाळी पॅसेजमध्ये चालताना घाम फुटला, हात थरथरायला लागले, डोळ्यांपुढे अंधारी. शेजारणीने खाली बसवलं. सुनेने घरच्या यंत्रावर साखर पाहिली, ६२. तीन चमचे साखर पाण्यात घालून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, ९१ झाल्यावर वरीचा भात आणि दही. सुनेला ही कृती आधी शिकवून ठेवली होती, ती कामी आली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड पूर्ण बंद केली. घरच्यांनी दोष दिला तो व्यायामाला. यजमान फोनवर म्हणाले, "या वयात हे उद्योग कशाला?" त्यांना समजवायला बराच वेळ लागला की गोळी बंद करावी लागणं हा बिघाड नसून सुधारणा आहे. काकूंनी स्वतः वेगळाच तोडगा काढला. उपास करायचा तर त्या दिवशी चालायचं नाही, नुसतं ओट्यापाशी टाचा. मी मान्य केलं. तेव्हापासून उपासाच्या दिवशी वरी आणि दही चुकलं नाही.

दिवाळीनंतर

सप्टेंबरअखेर वजन ७१ किलो. मग ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर ते ७० आणि ७०.६ च्या मध्ये हलत राहिलं. चकल्या-करंज्या होत्याच, पण दिवाळी संपल्यावरही आकडा अडकला. हा टप्पा बहुतेकांच्या वाट्याला येतो. शरीर हलकं झालं की त्याला लागणारी ऊर्जाही कमी होते आणि वहीतल्या नोंदी सैल पडलेल्या असतात. काकूंच्या वहीत नोव्हेंबरची नऊ पानं कोरी होती.

याच सुमाराला त्यांनी मला न सांगता आठ दिवस रात्रीचं जेवण सोडलं. सुनेने कळवलं. फोन केला तर काकू म्हणाल्या, "अगं, तेव्हा कसं झरझर उतरलं होतं!" मॅडमवरून त्या तोवर "अगं"वर आल्या होत्या. त्यांना बोलावून काटा बाजूला ठेवला, खुर्ची पुढे घेतली. तीस सेकंदांत बारा. जूनमध्ये आठ होते. कंबर ९३. ब्लाउज नव्हे, पण परकराची नाडी दोन बोटं जास्त घ्यावी लागत होती, हे त्यांनीच सांगितलं. जिममधल्या चरबी मोजणाऱ्या यंत्राचा कागद सुनेला हवा होता. त्यावर माझा फारसा भरवसा नाही, एक ग्लास पाणी प्यायलं तरी त्याचे आकडे सरकतात.

बदल दोनच केले. पहिला, भाकरी जोंधळ्याचीच ठेवून आकार लहान केला, कारण थापणाऱ्या हाताने ती हळूहळू मोठी केली होती. दुसरा, व्यायामाचा भार वाढवला: घोट्याला एक किलो, आणि जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर चढ-उतार, प्रत्येक पायाने दहा वेळा. जानेवारीत काटा पुन्हा हलायला लागला. तिळगुळाच्या आठवड्यातही.

मार्चअखेरची स्थिती

वजन ६८.४ किलो, म्हणजे मूळच्या जवळपास ८ टक्के कमी. कंबर ९०, भारतीय स्त्रियांसाठी धरलेल्या ८० च्या मर्यादेपासून अजून लांब. एचबीएवनसी ६.७, तेही एक गोळी बंद होऊन. खुर्चीवरून १४ वेळा. पकड १८ किलो. तिसऱ्या मजल्यापर्यंत कठड्याला हात लागतो, पण ओढावं लागत नाही. दुसऱ्या मजल्यावर थांबून शेजारणीशी बोलणं मात्र चालू आहे, आणि ते दमल्यामुळे नाही असं काकूंचं म्हणणं.

मांडी घालून खाली बसणं जमलेलं नाही. एक्स-रे जूनमध्ये होता तसाच आहे; झिजलेली कूर्चा आहार-व्यायामाने परत येत नाही. फिजिओने जबरदस्ती न करण्याचा सल्ला दिला आणि देवघरासमोर फूटभर उंचीचा पाट सुचवला. काकूंना तो पसंत नाही. ऑपरेशनचा निर्णय अस्थिरोगतज्ज्ञांनी वर्षभर पुढे ढकलला आहे.

सध्याचा वाद वजनाच्या लक्ष्याचा आहे. काकूंना ६० किलो हवेत; धाकटा मुलगा झाला तेव्हा तेवढं होतं. मी नाही म्हणते आहे. या वयात, शाकाहारी आहारावर, आणखी आठ किलो उतरवायला जेवण ज्या मापाला आणावं लागेल, त्या मापात साठ ग्रॅम प्रथिनं बसवणं कठीण आहे, आणि खुब्याच्या हाडाची घनता अजून तपासलेली नाही. ती तपासणी मेमध्ये आहे. तोपर्यंत ठरलंय ते असं: वजन ६८ ते ७० च्या मध्ये ठेवायचं, तेलाची बरणी आणि वही चालू, बी१२ ची पुन्हा तपासणी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सुनेने घड्याळ लावून खुर्चीची चाचणी घ्यायची. आकडा १२ च्या खाली आला तर वजन कितीही छान उतरलेलं असो, त्याच आठवड्यात मला फोन करायचा आणि जेवण वाढवायचं.